कैरोची रद्दी, कैरोची चित्रं

डेकूपाज, म्हणजे कापलेली कागदी चित्रं चिकटवून केलेली सजावट, म्हटलं की आपल्याकडे सजवलेले ट्रे, बाटल्या आणि चहाचे डबे डोळ्यांसमोर येतात. कैरोत राहायला आल्यावर मी हेच कागदकाम गॅलरीच्या भिंतीवर, मोठ्या चित्रांत पाहिलं आणि त्याच्या प्रेमातच पडले.

18व्या शतकात व्हेनिसमध्ये महागड्या लाखकामाची स्वस्त नक्कल म्हणून हे तंत्र फोफावलं. कापलेलं चित्र चिकटवायचं, वर वार्निशचे हात द्यायचे, मधूनमधून पॉलिश पेपरने घासायचं. कागदाची कड बोटाला लागेनाशी झाली की काम जमलं. इथले चित्रकार मात्र ही कड बहुतेक वेळा लपवत नाहीत. मला तीच त्यांची खरी ताकद वाटते. कड दिसते, म्हणून तो कागद आधी कुठेतरी दुसरीकडे होता हेही दिसतं.

हुदा लुत्फी यांचं काम जरूर बघा. त्या मूळच्या इतिहासाच्या अभ्यासक, कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवायच्या. जुनी छायाचित्रं, बाजारात सापडलेल्या वस्तू, प्रसिद्ध गायिका उम्म कुलसूमचा चेहरा हे सगळं त्यांच्या कोलाजमध्ये येतं. 2013 साली टाउनहाउस गॅलरीत भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनाचं नावच ‘कट अँड पेस्ट’ होतं. खालेद हाफेझ हे शिक्षणाने डॉक्टर. त्यांच्या चित्रांत मासिकांतल्या प्रतिमांशेजारी प्राचीन देवता उभ्या राहतात, कोल्ह्याच्या तोंडाच्या अनुबिस देवाजवळ बॅटमॅन दिसतो. दोघांचे ते टोकदार कान एकदा पाहिले की जोडी अगदी नैसर्गिक वाटते! शांत अवेदिसियान (1951–2018) यांनी कागद चिकटवण्याऐवजी स्टेन्सिल कापून पुठ्ठ्यावर रंग उमटवले, पण त्यांचाही कच्चा माल जुन्या छापील मासिकांतलाच.

हा माल मिळतो कुठे? अताबाजवळच्या अझबकियाच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात. तिथे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असतात. 1924 पासून निघणाऱ्या ‘अल-मुसव्वर’ या सचित्र साप्ताहिकाचे अंकही त्यात सापडतात. राजे, नट्या, साबणाच्या जाहिराती, राष्ट्राध्यक्ष नासेरांची भाषणं, सगळं एकाच धुळीत. आमच्या इमारतीतल्या चित्रकार बाई तिथूनच कागद निवडतात. वसंतात खमसिनचा गरम, धुळीचा वारा सुटला की त्या वार्निशला हातही लावत नाहीत, कारण ओल्या थरावर वाळू बसते.

पण मला सगळ्यात आनंद झाला तो तहरीर चौकातल्या संग्रहालयात. ममीचे मुखवटे आपल्याला सोन्याचे वाटतात. त्यातले कितीतरी कार्टोनाजचे असतात, म्हणजे कापडाचे थर डिंकाने जोडायचे, वर गिलावा, मग रंग. टॉलेमी घराण्यातल्या ग्रीक राजांच्या काळात कापडाऐवजी चक्क रद्दीतले पपायरस, म्हणजे त्या काळचे कागद, वापरले जायचे. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना 1889–90 च्या सुमारास फायूमजवळच्या गुरोबला असं कार्टोनाज मिळालं आणि त्याच्या थरांतून प्लेटोच्या ‘फायडो’ या संवादाचे तुकडे निघाले! वापरून झालेला लिखित कागद, त्यावर रंग, आणि त्यातून माणसाचा चेहरा. हे इथल्या मातीत दोन हजार वर्षांहून जुनं आहे. आजच्या कैरोतल्या चित्रकारांना युरोपची नक्कल करणारे म्हणणाऱ्यांनी हे मुखवटे नीट पाहावेत असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही इकडे आलात तर पिरॅमिडनंतरची एक दुपार यासाठी राखून ठेवा. आधी कार्टोनाजचे मुखवटे पाहा, मग झमालेक किंवा डाउनटाउन या भागांतल्या गॅलऱ्या. चित्राच्या अगदी जवळ जाऊन, बाजूने बघा. प्रकाश तिरपा पडला की कागदाचे थर मोजता येतात.