एकाच भोकाच्या दोन उलट्या तक्रारी

ऑक्टोबरात शिवसागर काठोकाठ भरलेला असतो, वासोट्याला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते आणि नेमकी तेव्हाच जुनी आऊटबोर्ड इंजिनं (बोटीच्या मागे बाहेरून अडकवलेली) रुसतात. पावसाळाभर बोटिंग बंद, इंजिन ताडपत्रीखाली, आणि कार्बोरेटरात जूनमधलं पेट्रोल तसंच. बामणोलीच्या धक्क्यावरचं हे इंजिन त्यातलंच. ४० हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोघांना मिळून एकच कार्बोरेटर, वय पंचवीसच्या पुढे.

"मेस्त्री, धक्क्यावर धूर ओकतंय अन् मधी गेलं की उपाशी मरतंय," बोटवाले दादा म्हणाले.

सगळं निदान या एका वाक्यात होतं. धूर, ओला प्लग, अडखळणारा स्लो (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) म्हणजे पेट्रोल जास्त. फुल रेसवर चार-पाच मिनिटांत ताकद गळणं म्हणजे पेट्रोल कमी. एकाच इंजिनात दोन्ही कसं? आधी कुणीतरी धुरावर उपाय म्हणून स्लोचा मिक्श्चर स्क्रू जवळजवळ बंद केला होता. तेव्हापासून इंजिन कार्बोरेटरातून शिंकायला लागलं होतं. टू-स्ट्रोक स्लोला शिंकतं तेव्हा त्याला पेट्रोल कमी पडत असतं, यात सहसा चूक होत नाही.

टू-स्ट्रोकमध्ये ही गोष्ट अंगावर येते. पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगांना ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी आणि पेट्रोलमुळे मिळणारा थंडावाही कमी. पिस्टन पकडतो, म्हणजे तापून सिलिंडरात अडकतो, आणि पकडतो तो भर पाण्यात, माणसं बसलेली असताना. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी बाकी सगळं तपासायचं.

दोन्ही प्लग काढून पाहिले. वरचा काळा, पेट्रोलने ओला. खालचा कोरडा, चुन्यासारखा पांढरट. कार्बोरेटर एकच असताना प्लग असे वेगळे दिसले की दोष कार्बोरेटरच्या पुढे असण्याची शक्यता जास्त. दोन्ही प्लगच्या वायरी अर्थिंगला जोडून, रेस पूर्ण उघडी ठेवून कॉम्प्रेशन घेतलं. वर ११८, खाली ११५ पीएसआय. १० टक्क्यांहून जास्त फरक असता तर रिंगा किंवा हेड गास्केट धरावं लागलं असतं. ठिणगी दोन्हीकडे निळी, जोमदार. आता संशय पेट्रोलच्या वाटेवरच.

मग टाकीपासून सुरुवात केली. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, नळीच्या कनेक्टरची ओ-रिंग शाबूत. हाताने दाबायचा बल्ब दहा-बारा वेळा दाबला तरी कडक होईना. असं झालं की पेट्रोल कुठेतरी निसटतंय. फ्लोटची नीडल (कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) गळत असती तर कार्बोरेटरच्या तोंडातून थेंब पडले असते. तोंड कोरडं होतं. टाकीकडच्या बाजूने नळी हवा ओढत असती तर पारदर्शक फिल्टरच्या वाटीत बुडबुडे दिसले असते. तेही नव्हते.

मग इंजिन चालू करून तोच बल्ब दोन वेळा दाबला. धक्क्याला बांधून स्लोवर असताना दाबला तर इंजिन गुदमरून बंद पडलं. पाण्यात नेऊन फुल रेसवर, ताकद गळायला लागली तेव्हा दाबला तर लगेच सावरलं. एकच कृती, दोन उलटे परिणाम. असं झालं की संशयाचं बोट थेट फ्युएल पंपाकडे जातं.

या इंजिनाचा पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमध्ये दाब आणि ओढ तयार होते, ती एका बारीक छिद्रातून पंपाच्या पडद्याला हलवते, आणि पडदा पेट्रोल पुढे ढकलतो. इथे ते छिद्र वरच्या सिलिंडरच्या क्रँककेसला जोडलेलं आहे. पडद्याला भोक पडलं तर पेट्रोल त्या छिद्रातून थेट वरच्या सिलिंडरात शिरतं, तेही कार्बोरेटरला बाजूला ठेवून. स्लोला वरचं सिलिंडर बुडतं. आणि भोक पडलेला पडदा नीट ढकलू शकत नाही म्हणून फुल रेसला फ्लोटची वाटी रिकामी होत जाते. बल्ब दाबल्यावर वाटी भरते आणि इंजिन सावरतं. स्लोला मात्र तोच दाब भोकातून जास्त पेट्रोल आत ढकलतो.

पंप खोलला. मागचं छिद्र पेट्रोलने थबथबलेलं. तिथे फक्त ऑइलचा पातळ थर असायला हवा. काळा रबरी पडदा उन्हाकडे धरला तेव्हा घडीजवळ सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका दिसला. बोटांत घेतला तर एका बाजूने फुगून लिबलिबीत, दुसऱ्या बाजूने पापडासारखा कडक.

याला आताचं पेट्रोल बरंच जबाबदार आहे. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या इंजिनांचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. खात्री करायची तर मापाच्या नळीत १०० मिली पेट्रोल घ्यावं (ऑइल न मिसळलेलं), १० मिली पाणी घालून हलवावं आणि दहा मिनिटं ठेवावं. खालचा थर १० वर थांबला तर इथेनॉल नाही. इथे तो ३० च्या आसपास गेला. पाणी इथेनॉलला ओढून खाली बसतं. टाकीत हेच घडलं तर आणखी वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि नळी खेचते ते तळचं बिनऑइलचं पाणी-इथेनॉल. शिवाय १ किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे त्याच जेटवर (कार्बोरेटरात पेट्रोल मापून सोडणारं बारीक छिद्र) मिश्रण आपोआप थोडं कोरडं होतं, पेट्रोल कमी पडल्यासारखं. शिवसागर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथली विरळ हवा ही कसर काही अंशी भरून काढते. सांगलीत कृष्णेची पातळी शंभरएक मीटर खाली, तिथे हा फायदा थोडा कमी. पुरासाठी वर्षभर ठेवून दिलेल्या बोटींची इंजिनं तपासताना हे आधी बघावं.

नवीन किट घातलं. पडदा, गास्केट आणि एकेरी झडपांच्या पातळ पट्ट्या, सगळं एकदम बदलायचं आणि जुन्याच क्रमाने बसवायचं. क्रम चुकला तर पंप ओढतच नाही. सिलिकॉन अजिबात लावू नये. पेट्रोलने ते सुटतं आणि तुकडे जेटमध्ये अडकतात. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी आणि तळाला चिकट तपकिरी थर होता. स्लोचा जेट अर्धा बुजलेला. क्लीनर आणि हवेने साफ केला. मेन जेटमध्ये मात्र कुणीतरी तार घातल्याच्या खुणा होत्या, म्हणून त्याच नंबरचा नवा टाकला. पितळी जेटला तार लावली की छिद्राचं माप बदलतं आणि पुढची सगळी सेटिंग खोटी ठरते.

आता कुठे स्क्रू. या कार्बोरेटरात तो बटरफ्लायच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) इंजिनाकडच्या बाजूला आहे, म्हणून बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. तोंडाकडच्या बाजूला असता तर तो हवेचा स्क्रू, आणि हिशोब उलटा. हलक्या हाताने टेकवला, दीड फेरी बाहेर आणला, इंजिन गरम केलं आणि बोट धक्क्याला घट्ट बांधून गिअरमध्ये ठेवली. मग एका वेळी अष्टमांश फेरी आत, दर वेळी पंधरा सेकंद थांबून. शिंक ऐकू आली तिथून पाव फेरी परत बाहेर. गिअरमध्ये स्लो ९०० वर स्थिर झाला.

शेवटची परीक्षा पाण्यात. बोट रिकामी, दहा मिनिटं फुल रेस, आरपीएम ५२०० ला टिकून, आणि तिथेच बंद करायच्या स्विचची दोरी ओढून इंजिन बंद. हळूहळू रेस कमी करत बंद केलं तर प्लग स्लोची कहाणी सांगतो, फुल रेसची नाही. मागची लाट बोटीत येऊ शकते, म्हणून माणसं घेऊन हे करू नये. दोन्ही प्लग कॉफीच्या रंगाचे निघाले.

ऑइलचं मात्र दादांशी बोलावं लागलं. पिस्टन वाचावा म्हणून ते २४ लिटरच्या टाकीत पूर्ण लिटरभर ऑइल टाकत होते. काळजी खरी, हिशोब उलटा. ऑइल वाढलं की जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल तेवढं कमी होतं, मिश्रण जाडही होतं, आणि उपाशी इंजिन आणखी उपाशी राहतं. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, पूर्ण टाकीला ४८० मिली. दादांनी रिकाम्या बाटलीवर ४८० ला खिळ्याने रेघ मारून घेतली. मग स्वतः बल्ब दाबून पाहिला; सहाव्या दाबाला तो दगडासारखा कडक झाला.