तुम्ही विचारलंत म्हणून : तो त्रिशूळ मीच का नेला

पचमढीजवळच्या चौरागडाच्या, म्हणजे महादेवाच्या डोंगराच्या पायऱ्यांवर खांद्यावर त्रिशूळ घेतलेला माझा फोटो कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तेव्हापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही. चळवळीतले सोबती विचारतात, "सर, तुम्ही देव मानत नाही ना? मग हे काय?" नात्यातले लोक विचारतही नाहीत, सरळ निकाल देतात : "आले ना शेवटी महादेवाजवळ!" एकेकाला उत्तर देऊन मी थकलोय. म्हणून एकदाच लिहितो.

महादेवाला जाणं म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायला नको. ज्या घरातून कोणीच पचमढीला नवस फेडायला गेलेलं नाही, असं घर आमच्या नागपूरच्या महाल भागात शोधावं लागेल. मी मात्र कॉलेजात असल्यापासून दुसऱ्या बाजूला उभा आहे. महाशिवरात्रीच्या आधी गणेशपेठच्या बसस्टँडवर आम्ही पत्रकं वाटायचो. 'लोखंड डोंगरावर नेऊन टाकण्यापेक्षा तो पैसा लेकराच्या शिक्षणाला लावा', असं त्यात एक वाक्य होतं. ते माझंच. आजही त्यातला शब्द मागे घ्यायची माझी तयारी नाही.

आता त्या त्रिशुळाबद्दल. माझा एक मित्र २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडनं आजारी पडला. तेव्हा नागपुरात ऑक्सिजनच्या बेडसाठी लोक काय करत होते, ते तुम्ही पाहिलंय. तो वाचला तो ऑक्सिजनमुळे, स्टेरॉइडमुळे आणि रात्र-रात्र पीपीई किटमध्ये उभ्या राहिलेल्या नर्सेसमुळे. त्याच्या आईनं, आमच्या काकूंनी, त्याच दिवसांत चौरागडाला त्रिशूळ बोलला. पोरगा घरी आला. काकूंनी इतवारीत लोहाओळीतून अकरा किलोचा त्रिशूळ घडवून आणला, दाराच्या मागे उभा करून ठेवला आणि तो वर जायच्या आधीच त्या गेल्या. मित्रही काही फार देवभोळा नाही. "नवस आईचा आहे, तिचं देणं मला फेडायचं आहे," एवढंच तो म्हणायचा. त्याचं फुफ्फुस पूर्वीसारखं राहिलेलं नव्हतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

जानेवारीत, यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आधी, आम्ही चौघं निघालो. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली. रात्री पचमढीत मुक्काम, पहाटे बडा महादेवच्या गुहेपासून चालायला सुरुवात. तिथून साडेतीन-चार किलोमीटर. आधी जंगलातली वाट आणि मग पायऱ्या, तेराशेच्या आसपास. आकडा ऐकून लोक म्हणतात, एवढंच? त्यांना सांगतो, त्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर उंच, तर पुढची गुडघ्याला येणारी. पाय ठरत नाही, की श्वासाला ताल सापडत नाही. त्यात खांद्यावर अकरा किलो लोखंड. सकाळी ते बर्फासारखं गार असतं. दांडा दुपट्ट्यात गुंडाळला तरी हाडाला लागतो, आणि त्रिशुळाची टोकं वरच्या फांद्यांत अडकतात.

मित्र त्रिशुळाला कोणाला हात लावू देईना. निम्म्याच्या थोडं वर गेल्यावर तो पायरीवर बसला. आमच्यातली एक मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे. तिनं त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ८६. आम्ही थांबलो, पाणी पाजलं, लिंबू चोखायला दिलं. आकडा ९२ वर आला. तो उठला, मोजक्या पायऱ्या चढला आणि पुन्हा ८७. ओठांचा रंग मला दिसत होता. मैत्रीण म्हणाली, "आता वर नाही. मी याच्यावर वाद घालणार नाही."

तो काही बोलला नाही. त्रिशूळ मांडीवर आडवा घेऊन बसून राहिला, दोन्ही हातांनी धरून. खालून एक कुटुंब आलं, 'हर बोला महादेव' म्हणत पुढे गेलं. त्यांच्यातल्या आजीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती चढत राहिली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. अशा वेळी सांगायला माझ्याजवळ सगळं होतं. लोखंड इथंच ठेव, काकूंना काय कळणार, देव असलाच तर समजून घेईल. यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

आमच्यातला चौथा श्रद्धाळू आहे. दर श्रावणात उपास धरणारा, मनापासून मानणारा. तो पुढे झाला, "आण भाऊ, मी नेतो. माझं भाग्य." खरं तर तिथंच सगळं सुटलं असतं, आणि तुमचा प्रश्नही उरला नसता. पण मित्रानं त्रिशूळ माझ्याकडे सरकवला. "माझ्यानं नाही होऊन राहिलं बे. तू ने. आई तुला ओळखत होती. याला नाही."

मी नेला.

मैत्रीण त्याच्याजवळ थांबली, आम्ही दोघं वर गेलो. उरलेली चढण मला नीट आठवत नाही. खांदा बदलत राहिलो, दुसऱ्याही खांद्याची साल निघाली, एवढं आठवतं. माथ्यावर हजारो त्रिशूळ आहेत. एकमेकांत घुसलेले, गंजलेले, नवे, कापड बांधलेले. समोर धूपगड, १३५० मीटर, आपल्या सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. तिथल्या माणसानं विचारलं, "किसके नाम का है?" मी काकूंचं नाव सांगितलं. पोराचं सांगायला हवं होतं, असं सोबतचा मित्र म्हणाला. मला काकूंचंच सांगायचं होतं.

हात जोडले का? जोडले. कोणाला, हे मला सांगता येत नाही, आणि नातेवाइकांनी माझ्या वतीनं ते ठरवू नये. त्या ढिगाकडे पाहून मला पत्रकातलं वाक्य आठवलं नाही, असंही नाही. आठवलंच. एवढं लोखंड, एवढा पैसा, एवढ्या आया. विशीतला मी तिथं असतो तर त्यानं मला विचारलं असतं, 'तू विचार विकलास का?' मी त्याला म्हटलं असतं, तू अजून कोणाची आई ऑक्सिजनच्या रांगेत उभी राहिलेली पाहिली नाहीस. त्यावर तो म्हणाला असता, म्हणूनच तर मी बोलतोय, रांगेतल्या माणसाला सत्य लागतं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्याला मी गप्प करू शकत नाही, आणि करावं असंही वाटत नाही.

सोबत्यांनो, तुमच्या रागातली एक गोष्ट मला झोपू देत नाही, ती लपवत नाही. ज्या गावांत आपण कार्यक्रम घेतो, तिथल्या एका मुलानं तो फोटो दाखवून घरच्यांना सांगितलं, 'सर पण जातात.' त्याला मी भेटलो, जे इथं लिहिलंय ते सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "पण सर, माझ्या आईचाही नवसच आहे." त्याच्या आईचा नवस आणि काकूंचा नवस यांत फरक काय, हे मला त्याला सांगता आलं नाही. मैत्री हे कारण माझ्यापुरतं पुरेसं आहे. त्याच्यापुढे ते तोकडं पडलं.

तरीही पुन्हा त्या पायरीवर उभा राहिलो आणि तो पुन्हा 'तू ने' म्हणाला, तर नेईन. यंदाच्या पत्रकातून ते वाक्य काढायचं का, असं बैठकीत मला विचारलं. मी म्हटलं, काढू नका. ते बरोबर आहे. काकू हयात असत्या तर त्यांच्या हातात ते पत्रक मी दिलं असतं का, असंही एकानं विचारलं. तेव्हा मी गप्प बसलो, आणि बैठक पुढच्या विषयावर गेली.