ऑडिटचा स्कॅनर आणि लॉक झालेले रोखपाल

शाखा उघडायच्या वेळेलाच रोखपालांचं लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर, कॅप्सलॉक बंद, तरी 'खातं लॉक'. पाठोपाठ पासिंग ऑफिसरचंही, म्हणजे व्यवहार मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचंही तेच. मी थेट डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे सगळ्यांची लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग उघडला. खातं लॉक झालं की विंडोज ४७४० क्रमांकाची नोंद करतं आणि चुकीचे पासवर्ड कुठल्या मशीनवरून आले, त्याचं नावही त्यात असतं. सगळ्या नोंदींत एकच नाव: ऑडिटवाल्यांचा लॅपटॉप. त्यांच्या स्कॅनरने, म्हणजे नेटवर्कमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने, आधी युजरची यादी मिळवली आणि मग एकेकावर सोपे पासवर्ड लावून पाहिले. आमची मर्यादा ५ चुकांची. ती ओलांडायला त्याला कितीसा वेळ लागणार!

ऑडिट हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण ही मर्यादा डोमेन पॉलिसीतच, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांना लागू असलेल्या नियमांतच असते, ती वाचून तिच्या आधीच थांबणं स्कॅनरला सहज जमतं. काउंटरसमोर पेन्शनवाले आजी-आजोबा ताटकळत उभे राहिले, याचा मला फार राग आला. आता स्कॅन शाखा बंद झाल्यावरच आणि पासवर्डची तपासणी वगळून, असं मी ऑडिटरकडून आधी लेखी घेतो.