तुम्ही विचारलंत म्हणून: शेतकऱ्याच्या दारात दोन सिटांची गाडी

"संत्र्याच्या शेतकऱ्याले दोन सिटांची गाडी कायले लागते बा?" लग्नात विचारतात, बाजार समितीत विचारतात, पेट्रोल पंपावर तर हमखास. वरूडच्या पुढचं आमचं गाव लहान आहे, त्यामुळे उत्तर द्यायचं टाळताही येत नाही. एकदाच सविस्तर सांगतो.

गाडी बीएमडब्ल्यू झेड४, २०११ची. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३०६ हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना. पत्र्याचं छप्पर बटण दाबलं की घडी होऊन डिक्कीत जातं, आणि मग डिक्कीत संत्र्याचा एक क्रेटही नीट बसत नाही. हे घेण्याआधीच ठाऊक होतं. माल वाहायला ट्रॅक्टर आहे, पिकअप आहे.

सुरुवातीला मी व्यवहाराचंच बोलायचो. नव्या फॉर्च्युनरच्या निम्म्याहून कमी पैशात आली. पुण्याच्या मालकाकडून एनओसी घेतली, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ पाहिला, चेसिस नंबर पडताळला. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले: २३१५ म्हणजे २०१५चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण रबर जुनं. चारही टायर धरून भाव पाडला. हे सगळं खरंच आहे. पण गाडी कशी घेतली ते यातून कळतं, का घेतली ते नाही.

का, तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना जे होतं त्यासाठी. या गाडीत चालवणारा जवळजवळ मागच्या चाकांपाशी बसतो, त्यामुळे वळण आधी कमरेला कळतं आणि मग डोळ्यांना. मला ते हवं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

आता तो दिवस. फेब्रुवारीत गारपीट झाली, मृगाचा बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचं संत्र्याचं पीक, तोडणीला आलेला. थोड्याच वेळात झाडांखाली फळांचा सडा पडला. वर राहिली त्यांना गारांचा मार, ती पुढच्या काही दिवसांत सडणारच होती. इसार दिलेल्या व्यापाऱ्यानं फोनवरच सौदा मोडला. मग पंचनाम्याला माणसं आली. बाबांनी त्यांना बागेत ओळीओळीनं फिरवलं, एकेक फळ उचलून दाखवलं. परतताना त्यांच्यातल्या एकाची नजर शेडकडे गेली. गाडीवर कव्हर होतं, पण तिचा आकार लपत नाही. तो म्हणाला, "काका, ज्याच्या घरी अशी गाडी, त्याला सरकारची मदत कशाला पाहिजे?"

बाबा सत्तरीचे आहेत. "पोराची हौस हाये साहेब," म्हणाले. आणि त्यांनी हात जोडले.

मी म्हणालो, नुकसान बागेचं झालंय, ते मोजा. आवाज चढला होता माझा. बाबांनी मलाच गप्प केलं.

नाव यादीत लागलं. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं की मदत बसते, आणि ती बागेच्या क्षेत्रावर ठरते, घरात काय आहे त्यावर नाही. बहुवार्षिक फळपिकाला केंद्राच्या तेव्हाच्या निकषानं हेक्टरी २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे जास्तीत जास्त ४५,०००. एवढ्यात माझ्या गाडीचे दोन टायर जेमतेम येतात. हा हिशेब माझ्याच विरोधात वापरता येतो हे मला कळतं. वापरलाही आहे लोकांनी.

पण गावात कुणाच्या दारात फॉर्च्युनर लागली तर त्याला हा प्रश्न येत नाही. तिच्यात घरचे सगळे बसतात, म्हणून ती गरजेची ठरते. माझ्या गाडीत दोघंच बसतात, म्हणजे ती उघडउघड आनंदासाठी आहे, आणि आमच्या भागात शेतकऱ्याचा आनंद कुणाला खरा वाटत नाही. कर्ज आणि फास यांच्याशिवाय आमची बातमीच होत नाही. हसणारा शेतकरी दिसला की लोक त्याचा सातबारा शोधायला लागतात.

घेतानाचा मी म्हणायचा, माझे पैसे, माझी गाडी, दुसऱ्याचा काय संबंध? तो चुकीचं बोलत नव्हता. फक्त हात बाबांना जोडावे लागले, त्याला नाही. यावर त्याच्याकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही.

विकणार का, हे तुम्ही पुढे विचारणारच. आई म्हणते, इकून टाक. बाबा म्हणतात, "त्या साहेबाच्या बोलण्यावरून इकत असशीन तर इकू नोको." पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला मी भाव सांगून ठेवलाय. त्याच आठवड्यात नवे टायरही मागवलेत.