मग झोपता कधी?

सायकलवर ६०० किलोमीटरची ब्रेव्हे केली असं कळलं की लोक आधी माझ्या पायांकडे बघतात आणि मग विचारतात, "अहो, पण झोपता कधी?" पायांचं उत्तर सोपं आहे. दुखतात, पण कुरकुरत का होईना, चालत राहतात. झोपेचा प्रश्न मात्र मी आजवर हसून टोलवत आले. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी हिशेब. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे, त्यामुळे "कितवा नंबर आला?" हे विचारूच नका, निकालात नंबर नसतातच. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच क्लबाच्या नियमांनी जगभर होणाऱ्या या राइड्स. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात स्वतःच्या भरवशावर संपवायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. मागे मदतीची गाडी चालत नाही. वाटेत ठरलेल्या ठिकाणी, म्हणजे कंट्रोलवर, ठरल्या वेळेत पोचून आपल्या कार्डावर शिक्का घ्यायचा. घरच्यांनी भेटायचं तर तिथेच. आणि घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. पंक्चर काढताना नाही, रेनकोटात हात अडकला तरी नाही, आणि तुम्ही घोरत असलात तरी नाही.

४० तासांत ६०० म्हणजे ताशी १५. ऐकायला काहीच नाही. मी सपाटीला २२ ने जाते, म्हणजे २७ तासांत काम उरकून १३ तास हातात उरायला हवेत. कागदावर उरतातही. रस्त्यावर चढ लागतो, वारा समोरून येतो, अंधार पडला की सगळ्यांचाच वेग पडतो आणि उरलेसुरले तास कंट्रोलवर सांडतात. माझ्या पहिल्या ६०० ला मी कार्डावर शिक्का घेतला की खुर्ची शोधायची. बूट काढायचे, मोजे काढायचे, कोण कुठे पोचलंय याची चौकशी करायची. चार कंट्रोलवर पाऊण-पाऊण तास, झाले तीन तास. रात्रीची माझी झोप मी अशी भर दिवसा, बसल्याबसल्या, जागी राहून संपवली.

त्याचं बिल पहाटे साडेतीनला आलं. सकाळी सहाला निघालेली मी तेव्हा ३३५ व्या किलोमीटरला होते, कटऑफच्या, म्हणजे तिथवर पोचायच्या शेवटच्या वेळेच्या, पुढे जेमतेम ५० मिनिटं. दिव्याचा पिवळा गोल आणि कडेची पांढरी पट्टी, बाकी जग नाही. मधूनच एका पट्टीच्या दोन पट्ट्या व्हायच्या. पुढे एक बुटका माणूस रस्त्यालगत उभा दिसला. मी त्याला चक्क म्हणाले, "जरा बाजूला व्हा." तो किलोमीटरचा दगड होता. त्यावर हसायचंही सुचलं नाही. मग पुढचं चाक डांबरावरून खाली खडीत उतरलं आणि हँडल थडथडलं तेव्हा कळलं की डोळे मिटले होते. किती वेळ, कोण जाणे. पण ताशी २० ने तीन सेकंद डोळे मिटले तर माणूस १७ मीटर आंधळा जातो, हे गणित मला त्या क्षणी घाम फुटता फुटता करता आलं.

पुढच्या बसथांब्याच्या सिमेंटच्या बाकावर आडवी झाले. हेल्मेट डोक्यावरच, तीच उशी. सायकलचं चाक एका पायाला लावून ठेवलेलं. पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि लावला तो दुपारी पावणेचारचा. एका ट्रकच्या हॉर्नने जाग आली तेव्हा पावणेपाच वाजले होते. ४०० व्या किलोमीटरचा कंट्रोल ८.४० ला बंद होणार होता आणि मधे ६५ किलोमीटर. तो टप्पा मी रागाने चालवला, दुसरा शब्द नाही. ८.३१ ला शिक्का पडला. गंमत म्हणजे त्या तासाभराच्या चुकून मिळालेल्या झोपेमुळेच पाय तसे चालले असणार.

म्हणून आता झोप शेवटी उरेल त्यावर सोडत नाही, आधीच बाजूला काढून ठेवते. कंट्रोलवर दहा मिनिटं: शिक्का, पाणी, खाणं खिशात, निघा. खायचं ते सायकलवर. पहाटे तीन ते पाच हे शरीराचे सगळ्यात मंद तास. तापमान तेव्हाच तळाला जातं. तिथे जिद्द दाखवण्यात अर्थ नाही. त्याच्या आधीच कॉफी प्यायची आणि लगेच २० मिनिटं आडवं व्हायचं. कॅफीन अंगात उतरायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा. अर्धा तास उलटला की झोप खोल जाते आणि मधेच उठलं तर डोकं जड. मग सरळ दीड तास घ्यावा. आणि गजर दोन लावावेत. सकाळ की दुपार ते बघून.

झोपेला जिंकणारे लोक नसतातच असं नाही. १८९१ च्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सायकल शर्यतीत जील-लावाल हा फ्रेंच सायकलस्वार पुढे होता. तिसऱ्या रात्री तो झोपला, आणि शार्ल तेरों त्याला ओलांडून गेला. सुमारे १२०० किलोमीटर, ७१ तास २२ मिनिटं. पण ती शर्यत होती. आज चार वर्षांतून एकदा होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत राहिलेली नाही आणि कमाल मुदत ९० तास असते. मला विचाराल तर माझं मन जील-लावालकडेच ओढ घेतं. त्या रात्री त्याने केलं ते मीही केलं असतं.

ती पहिली ६०० मी ३९ तास १० मिनिटांत संपवली. घरी येऊन अकरा तास झोपले. मधे एकदा ताडकन उठून बसले होते म्हणे, आणि "कार्ड कुठंय?" असं विचारून परत आडवी झाले. मला काही आठवत नाही.