यंदा दिवाळीच्या भेटी घरीच विणल्या

यंदाचा बोनस अख्खा घराच्या डिपॉझिटमध्ये गेला, म्हणून सगळ्यांच्या दिवाळीच्या भेटी हजार रुपयांत बसवायच्या असं गणपतीतच ठरवलं. क्रोशा आणि दोन सुयांचं विणकाम आईने शाळेत असतानाच शिकवलंय, त्यामुळे हातात होतंच.

आधी कोणाला काय ते ठरवलं, मग लोकर. मुंबईत लोकरीचं अंगात घालणार कोण आणि कधी? म्हणून मफलर फक्त नाशिकच्या दादाला, तिथे थंडी खरोखर पडते. सासूबाईंना देव्हाऱ्यात घालायला क्रोशाचा रुमाल, तो मात्र सुती दोऱ्याचा, कारण समई शेजारीच असते आणि ॲक्रिलिक आचेने वितळतं. नणंदेच्या बाळाला टोपडं आणि मोजे, आणि वहिनीला दाराचं तोरण, ते सगळं उरलेल्या लोकरीतून.

लोकर दादरला घेतली, ॲक्रिलिकच, स्वस्त पडते, मशीनला धुता येते आणि पटकन वाळते. घेताना लेबलवरचा शेड नंबर आणि लॉट नंबर दोन्ही जुळवून सगळे गुंडे एकदमच घ्या, लॉट बदलला की रंग किंचित बदलतो आणि मफलरवर तो पट्टा उठून दिसतो. मला मफलरला 200 ग्रॅम लागली, सगळ्यात जास्त खर्च तोच. 8 नंबरच्या म्हणजे 4 मिमीच्या सुया, 40 टाके, पूर्ण मफलरभर दोन सुलट दोन उलट, त्याने कडा वळत नाहीत आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. विणला सगळा लोकलमध्ये. बदलापूरहून चढत असल्याने सीट मिळते, आणि केबलवाली गोल सुई असली की लेडीज डब्यात कितीही गर्दी असो, शेजारणीला टोचत नाही.

बाळाच्या मोज्यांबद्दल मात्र कळकळीने सांगते, आतल्या बाजूला एकही दोरा लोंबता ठेवू नका. तो बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो, आणि बाळ का रडतंय ते पटकन कळतही नाही. मी प्रत्येक टोक सुईने टाक्यांतून मागेपुढे ओवून घेतलं आणि मोजा उलटा करून बोट फिरवून बघितलं. टोपड्याला बटण, मणी, गोंडा काही नाही, सुंदर दिसतं पण बाळ ओढून तोंडात घालतं.

भाऊबीजेला दादाने मफलर लगेच गळ्यात घातला, आता वहिनीलाही तसाच हवाय. तिच्यासाठी मोरपंखी रंग बघून ठेवलाय, पुढच्या पगाराला घेईन.