आईंची वही

आमच्या ठाण्याच्या घरात सध्या पाय ठेवायला जागा नाही. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्यात आणि त्यांच्या मधोमध आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाट टाकून बसल्यात. काय येणार आणि काय राहणार, हे त्याच ठरवतात. खोवणीची विळी पहिल्या दिवशीच जुन्या नऊवारीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी गेली. आम्ही यहुदी, आमच्यात मटणाबरोबर दूध-दही चालत नाही, त्यामुळे सगळी मदार नारळाच्या दुधावर. नव्या वर्षाच्या सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला. "विळी नाही तर मी तिथे करू काय?" असं त्यांनी विचारलं आणि विषय संपला.

यंदाचे सण आटोपले की मी, हे, आमचा मुलगा आणि आई असे चौघं इस्राएलला जातोय. कायमचे.

ओळखीतले लोक दबक्या आवाजात विचारतात, "इथे काही त्रास झाला का?" नाही हो, अजिबात नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढे वाचले, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलोय. कोकणात घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. ते नाव आमच्या घरात अजूनही अभिमानाने घेतात. यहुदी म्हणून इथे कुणी आमच्या अंगावर आलं नाही. जातोय ते मुलासाठी, आणि आईंची मोठी बहीण तिकडे दिमोना गावात आहे म्हणून. टेंभी नाक्याच्या आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमतात की नाही, याची धाकधूक असते, तेही एक कारण आहेच.

सामानापेक्षा जास्त दमवलं ते कागदांनी. यहुद्यांना इस्राएलमध्ये येऊन राहण्याचा हक्क देणारा तिथला परतीचा कायदा १९५० चा. १९७० पासून यहुदी माणसाच्या नातवंडांनाही तो लागू झाला. पण आपण यहुदी आहोत हे कागदावर दाखवावं लागतं. यांच्या आजोबांचं नाव जमिनीच्या उताऱ्यावर हसाजी आणि सिनेगॉगच्या लग्नाच्या नोंदीत एझिकेल. एका कार्यालयातल्या बाईंनी दोन्ही कागद माझ्यासमोर सरकवले आणि म्हणाल्या, ही दोन वेगळी माणसं आहेत. मी त्यांना सांगितलं की मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली ज्यांनी बांधलं ते सॅम्युएल एझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जायचे. त्या सिनेगॉगला आमचे लोक मशीदच म्हणत, आणि त्यावरूनच मशीद बंदर स्टेशनचं नाव पडलं असं सांगतात. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. त्या एका नावापायी चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत आई जेवायच्या कमी झाल्या. मला आधी कळेना. मग एका रात्री त्यांनी लोखंडी कपाटातून मावशींची जुनी पत्रं काढली. मावशी, म्हणजे आईंची ती बहीण, एकोणीस वर्षांच्या असताना इस्राएलला गेल्या, आई तेव्हा पंधरा. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने आमच्या लोकांच्या लग्नांवर शंका काढली, आजी-पणजीपर्यंत चौकशी करा असा फतवा निघाला. आमचे लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. १९६४ साली सरकारने ठणकावून सांगितलं की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, तेव्हा कुठे ते मिटलं. मावशींनी तेव्हा लिहिलं होतं, "इथे आम्हाला विचारतात, तुम्ही खरे का?" आईंनी ती ओळ मला बोट ठेवून दाखवली. "अगं, पुन्हा तेच विचारणार असतील तर मी येत नाही. मी शहात्तर वर्षांची आहे. मी कुणाला दाखला देणार नाही."

मला काही बोलता आलं नाही. मार्ग काढला तो मुलाने. तो फोनवर हिब्रू शिकत होता. त्याने आजीला शंभर पानी वही आणून दिली आणि म्हणाला, आजी, तू पण शिक.

आईंना हिब्रू लिपी येत नाही. त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक देवनागरीत छापलेलं, शब्द हिब्रू आणि अक्षरं आपली. शेमा ही आमची मुख्य प्रार्थना त्या झोपेतही म्हणतील, पण पाणी मागता येणार नाही. म्हणून वहीत देवनागरीतच सुरुवात झाली. मायिम, पाणी. कमा, किती. त्रुफा, औषध. तिसऱ्या दिवशी मुलाने सांगितलं, "लेहेम म्हणजे पाव, भाकरी." आईंचा हात थांबला. "हे तर मी रोज जेवताना म्हणते. हामोत्सी लेहेम मिन हाआरेत्स." मग त्याने आरेत्स म्हणजे जमीन, देश असं सांगितलं. गेफेन म्हणजे द्राक्षाचा वेल. दर शुक्रवारी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून जो रस आम्ही वाइनऐवजी ठेवतो, त्याच्यावर त्या "हागाफेन" म्हणत आल्यात. तो शब्द हाच. एत्स म्हणजे झाड. अदामा म्हणजे माती.

आई बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाजारात हेच बोलतात होय?" त्या रात्री त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

गेल्या रविवारी आम्ही मलिदा, म्हणजे गोड पोहे आणि फळं ठेवून करायची आमची प्रार्थना, करायला खंडाळ्याला गेलो. घाटातलं खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं. तिथल्या कातळावर आमचे प्रेषित एलियाहू हन्नाबी यांच्या रथाच्या खुणा आहेत, ते तिथूनच स्वर्गात गेले अशी आमची श्रद्धा. नवस असो, लग्न असो की लांबचा प्रवास, त्यांचं नाव घेतल्याशिवाय आमच्यात काही होत नाही. पहाटे घरीच पोहे भिजवले. त्याच विळीसाठी बॅग पुन्हा उपसली, दोन नारळ खोवले, साखर, वेलची, सुकामेवा. परातीत पोह्यांचा डोंगर, सभोवती केळी, सफरचंद, खजूर, वर गुलाबाच्या पाकळ्या.

प्रत्येक फळ हातात घेऊन बेराखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी ओळ, म्हणायची असते. झाडाच्या फळाला हाएत्स, जमिनीतून येणाऱ्याला हाअदामा, आणि केळ्यालाही हाअदामाच. आईंनी खजूर उचलला, "बोरे पेरी हाएत्स" म्हणाल्या आणि नातवाकडे बघून हळूच पुटपुटल्या, "झाड." केळं उचललं, "हाअदामा", आणि पुन्हा, "माती." इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी मलिद्याला बसलेय, अशी बेराखा मी कधी ऐकली नव्हती. निघताना त्यांनी कातळावर हात ठेवला. मला वाटलं रडतील. त्या फक्त म्हणाल्या, "परातीला झाकण नीट लाव, एसटीत सांडेल."

काल वहीत एक नवीन काम सुरू झालं. मावशींच्या पणतवंडांना मराठीचा एक शब्द येत नाही. आईंनी नातवाला सांगितलं, आता उलटं लिहायचं, शब्द आपले आणि अक्षरं त्यांची, म्हणजे पोरांना वाचता येईल. तो वहीच्या मागच्या पानापासून, उजवीकडून डावीकडे लिहीत होता आणि आई चष्मा पुसून प्रत्येक अक्षर बघत होत्या. ‘ळ’ला तिथे अक्षरच नाही म्हटल्यावर त्या जरा नाराज झाल्या. "बरं, ल लिही, मी तोंडी शिकवीन."

पहिलं काय लिहायचं असं त्याने विचारलं होतं. आईंनी क्षणभरही विचार केला नाही. "लिही, जेवलास का?"